खाच नसलेल्या फ्रेम: एका दैनिकाच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करतानाच्या नोंदी

६ जानेवारी

चार खोकी ताब्यात आली. एका प्रादेशिक दैनिकाच्या फोटो विभागातली, विभाग बंद झाल्यापासून माळ्यावर पडलेली. आत ४१२ पाकिटं. बहुतेक पाकिटांत ३५ मिमीच्या कृष्णधवल फिल्मच्या पट्ट्या, काहींत १२० रोलच्या (३५ मिमीपेक्षा रुंद फिल्म) चौकोनी निगेटिव्ह, आणि एका फायलीत साठेक प्रिंट. काळ १९६६ ते १९८४. लहान शहरांतले रस्ते, बाजार, शाळा, पूल, सरकारी इमारती. आणि फीत कापणारे पाहुणे. पाहुणे भरपूर.

मालकांकडून लेखी परवानगी आधीच घेतली आहे. निगेटिव्ह आपल्या हातात असणं वेगळं आणि तो फोटो लोकांसमोर ठेवायचा हक्क असणं वेगळं. हे काम करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी तो कागद करून घ्यावा, नंतर कुणी भेटत नाही.

बेत असा: फोटो विभागात निवडलेल्या फ्रेमच्या कडेला छोटी अर्धगोल खाच पाडायचे, म्हणजे डार्करूमच्या अंधारात बोटांना ती फ्रेम सापडायची. वरवर मोजल्या तर ५२० खाचा निघाल्या. तेवढ्याच स्कॅन करायच्या. तीन आठवड्यांचं काम.

(हा बेत किती मूर्खपणाचा होता ते पुढे येईलच.)

८ जानेवारी

आधी वास घेतला. चेष्टा नाही, पहिली तपासणी नाकानेच होते. ॲसिटेट फिल्म कुजायला लागली की तिच्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, व्हिनेगरसारखा वास येतो, आणि तो वायू शेजारच्या धडधाकट फिल्मलाही ओढतो. तीन खोकी ठीक. चौथ्याचं झाकण उघडताच नाक चुरचुरलं. आम्ल दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, मूळच्या निळ्या असतात आणि आम्ल वाढेल तशा हिरव्या होत पिवळ्याकडे जातात. एकेका पाकिटात एकेक पट्टी टाकून दिवसभर ठेवली. नऊ पाकिटं पिवळी निघाली. ती वेगळ्या खोलीत नेली.

नायट्रेट फिल्म आहे का तेही पाहिलं. ती भयंकर पेट घेते आणि पाण्यातही विझत नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती बनायची बंद झाली होती, त्यामुळे इथे शक्यता नव्हती, तरी कडेवर ‘सेफ्टी’ छापलेलं आहे ना ते प्रत्येक पाकिटातल्या एका पट्टीवर बघितलं. सगळीकडे आहे.

११ जानेवारी

एक संध्याकाळ वाया. फ्लॅटबेड स्कॅनर उसना आणला होता. त्यात धूळ आपोआप काढायची सोय आहे म्हणून खूश होते. ती सोय इन्फ्रारेड प्रकाशावर चालते: रंगीत फिल्मच्या रंगांतून इन्फ्रारेड आरपार जातो, धुळीवर अडतो, म्हणून यंत्राला धूळ ओळखता येते. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं. चांदीही इन्फ्रारेड अडवते. परिणाम: यंत्राने माणसांचे चेहरेच धूळ समजून पुसले. एका बाजाराच्या फोटोत सगळी माणसं मेणाची झाली.

स्कॅनर परत केला. आता कॅमेऱ्यानेच निगेटिव्हचे फोटो काढायचे.

१५ जानेवारी

मांडणी: २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा (होताच), अगदी जवळून फोटो काढायची वापरलेली मॅक्रो लेन्स (घेतली), खाली तोंड करून धरणारा स्टँड, खाली प्रकाश, मधे फिल्म धरायची चौकट. ३५ मिमीची फ्रेम २४ × ३६ मिमी असते, तेवढाच सेन्सर, म्हणजे एकास एक. लांबीला ६,००० पिक्सेल, इंचाला सुमारे ४,२००. वर्तमानपत्राच्या जलद फिल्मचा कण स्वच्छ दिसतो. त्यापुढे जायची गरज नाही.

प्रकाशासाठी टॅब्लेटचा पांढरा पडदा वापरून पाहिला. पडद्याचे पिक्सेल आकाशात जाळीसारखे उमटले. फिल्म पडद्यापासून चार सेंटिमीटर वर उचलली, मधे दुधी ॲक्रिलिक टाकलं, जाळी गेली. पण प्रकाश कमी पडला, म्हणून शेवटी एलईडी पॅनेल आणलंच.

१९ जानेवारी

२३ पट्ट्या झाल्यावर शंभर टक्क्यांवर मोठं करून बघितलं. सगळं मऊ. फोकस बरोबर, हलणं नाही, तरी कडा विरघळलेल्या.

कारण माझा अतिशहाणपणा. पट्ट्या वाकलेल्या असतात म्हणून जास्त खोलीपर्यंत फोकस मिळावा या हिशोबाने ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक, एफ १६ ठेवलं होतं. एकास एक आकारावर लेन्स मूळ जागेपासून इतकी पुढे येते की एफ १६ प्रत्यक्षात एफ ३२सारखं वागतं, आणि तिथे प्रकाशाच्या विवर्तनानेच (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो) चित्र मऊ होतं. एफ ८वर आले. वाकडेपणा ॲपर्चरने झाकायचा नसतो, पट्टी सपाट करायची असते: दोन दिवस जाड पुस्तकाखाली, पाकिटासकट.

उजवी कड तरीही मऊ. चौकटीच्या जागी छोटा आरसा ठेवला आणि कॅमेऱ्यातून बघितलं. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं तर कॅमेरा समांतर. माझं बरंच डावीकडे होतं. स्टँडच्या एका पायाखाली दुमडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, आणि काम झालं. स्पिरिट लेव्हल फक्त मनाचं समाधान करते.

२३ पट्ट्या पुन्हा.

२४ जानेवारी

स्लीव्हची, म्हणजे पट्ट्या ठेवायच्या बाह्यांची चूक. घाईत स्टेशनरीतल्या पारदर्शक बाह्या आणल्या, त्यांना नव्या रेनकोटसारखा वास येत होता. पीव्हीसी. त्यातून सुटणारी रसायनं निगेटिव्हला चिकटतात. दोनशे बाह्या रद्दीत गेल्या. पॉलिप्रॉपिलीनच्या मागवल्या. जुन्या ग्लासीनच्या, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या पाकिटांनीही खोडी केलीच आहे: जिथे पाकिटाची डिंक लावलेली शिवण होती, तिथे बऱ्याच पट्ट्यांवर तपकिरी उभी रेघ आहे. ती निघत नाही.

आतापर्यंतचा हिशोब मांडला तर स्लीव्ह, आम्लरहित पाकिटं आणि खोकी मिळून लेन्सपेक्षा जास्त पैसे गेलेत. कॅमेऱ्याच्या गप्पा सगळे मारतात, खोक्यांबद्दल कुणी बोलत नाही.

२९ जानेवारी

बेत बदलला.

पाकीट क्रमांक ८७. वर शाईने लिहिलंय: ‘वाचनालय उद्घाटन’. खाच १२व्या फ्रेमला, पाहुणे फीत कापताना. नेहमीप्रमाणे तेवढी एकच काढणार होते, पण पट्टी चौकटीत नीट बसेना म्हणून पुढची पट्टी घातली, आणि लाइव्ह पडद्यावर भलतंच काही दिसलं. ३१ ते ३६ या फ्रेममध्ये उद्घाटन नाहीच. एक कोपरा आहे. लाकडी गॅलरीची दुमजली इमारत, तिच्या भिंतीला टेकवलेली शिडी, शिडीवर पाट्या रंगवणारा पेंटर. खाली एक मुलगा दोन्ही हातांनी रंगाचा डबा वर धरून उभा आहे, मान एका बाजूला, कंटाळलेला. फ्रेम ३१मध्ये पाटीवर दीड अक्षर आहे. ३४मध्ये तीन. ३५मध्ये मुलाने डबा खाली ठेवलाय आणि पेंटर वरून त्याच्याकडे बघतोय.

हे कधीच छापलं गेलं नसणार. याला बातमी म्हणत नाहीत.

मग मागची झालेली पाकिटं पुन्हा काढली. जिथे तिथे तेच. खाच असलेली फ्रेम म्हणजे हार, माइक, फीत, खुर्च्यांची रांग. तिच्या आजूबाजूला, विशेषतः रोलच्या शेवटाला, खरं शहर: बस थांब्यावरची सावली, हातपंपाची रांग, एका शाळेचं अर्धं उतरवलेलं छप्पर, नंतर पाडल्या गेलेल्या इमारती. मी नेमकं तेच सोडून देत होते.

आता सगळ्या पट्ट्या. मोजल्या: १,८७०. पट्टीला सरासरी चार मिनिटं धरली तर नुसत्या फोटोंना सव्वाशे तास, नोंदी वेगळ्या. तीन आठवडे विसरायचे.

५ फेब्रुवारी

दैनिकात त्या काळी काम केलेले एक निवृत्त छायाचित्रकार भेटले. मी त्यांना काका म्हणते. ८७ नंबरचं पाकीट दाखवलं आणि विचारलं, हे का काढलंत?

“का म्हणजे? रोल संपवायचा होता.”

छत्तीसचा रोल, कार्यक्रमाला वीसेक फ्रेम लागायच्या, संध्याकाळच्या आत धुवायचा. उरलेल्या फ्रेम परतीच्या वाटेवर जे दिसेल त्यावर. फिल्म मोजून मिळायची, पण धुवायला टाकलेल्या रोलमध्ये कोरं सोडलेलं संपादकांना चालायचं नाही, असं ते म्हणाले. थोडं थांबून पुढे: “आणि तो पोरगा मजेशीर उभा होता.”

१२ फेब्रुवारी

डिस्क भरली. १,९०० फ्रेमना २७० जीबीच्या वर जागा. कृष्णधवल फोटो मी १६ बिट टिफमध्ये, पण रंगीत म्हणून साठवत होते: फाइलमागे १४४ एमबी. तेच करड्या छटांत साठवलं की ४८. तिप्पट जागा फुकट. रात्रभर संगणक लावून सगळ्या फाइल बदलल्या. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ रॉ फाइलही ठेवल्यात. दोन डिस्कवर दोन प्रती, तिसरी दुसऱ्या घरात, आणि प्रत्येक फाइलचं चेकसम (फाइल बिघडली तर ओळखू देणारा आकडा) एका यादीत.

२० फेब्रुवारी

आजची नोंद लांब आहे, कारण चूक मोठी आहे.

पाकीट १४०च्या आसपास एका चौकाचे खूप फोटो आहेत. मधे घड्याळाचा मनोरा, डावीकडे झाडं, उजवीकडे कमानींची लांब इमारत. नकाशावर चौक ठरवला, इमारत रस्त्याच्या कोणत्या बाजूला होती ते लिहिलं, घड्याळात ३:४० वाजलेत म्हणून ‘दुपार’ अशी नोंद केली. आठ दिवस मी या नोंदीवर खूश होते.

काकांना प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांशी नेला.

“अगं, हे किती वाजलेत म्हणतेस?”

“तीन चाळीस.”

“तीन चाळीसला मी रस्त्यावर नसायचोच. त्या वेळी मी डार्करूममध्ये. उलटं लावलंयस तू हे.”

खरंच उलटं होतं. घड्याळावर आकडे नाहीत, नुसत्या रेघा. आरशातले ३:४० म्हणजे सरळ ८:२०. दोन्ही वेळा तितक्याच खऱ्या दिसतात. फ्रेममध्ये वाचता येईल अशी एकही पाटी नव्हती, त्यामुळे मला ओरडून सांगणारं काही नव्हतं. सकाळ दुपार झाली, कमानींची इमारत रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

झालं असं: फिल्मची मॅट बाजू, म्हणजे चित्र जिच्यावर असतं ती, लेन्सकडे ठेवून फोटो काढला तर चित्र उलटं येतं आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये फिरवावं लागतं. मी तसंच करत होते. तीन संध्याकाळी फिरवायची आज्ञा चालूच केली नाही. ३१ पट्ट्या, १७२ फ्रेम. पाट्या असलेल्या फ्रेम लगेच कळल्या असत्या, पण त्या संध्याकाळी मी मोठं करून बघत नव्हते, नुसती पुढे जात होते.

दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये नाही, कानशीने केली. माझी चौकट फिल्मच्या कडा झाकत होती. तिचं भोक घासून मोठं केलं, आता कडेवर छापलेला फ्रेमचा आकडा आणि फिल्मचं नाव प्रत्येक स्कॅनमध्ये येतं. आकडा सरळ वाचता आला तर चित्र सरळ. शिवाय रोलमधला क्रम कायमचा चित्रासोबत बांधला गेला. छापण्यासाठीची प्रत नंतर कापून काढता येते. कड सुरुवातीलाच ठेवली असती तर हे आठ दिवस वाचले असते.

कडेशिवायच्या जुन्या स्कॅनचं काय? पुन्हा सगळ्या. हो.

२६ फेब्रुवारी

प्रिंटची फाइल. मागे कात्रण डकवलेलं, तारखेचा शिक्का, उपसंपादकाचं अक्षर. पुढे लाल मेणाच्या पेन्सिलीने कापायच्या खुणा. एका प्रिंटवरची लाल रेघ मला डाग वाटली आणि मी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली. छान निघाली. मग लक्षात आलं की वर्तमानपत्राने फोटोतला कोणता भाग ठेवला आणि कोणता कापला, याची तीच एक नोंद होती. प्रिंटचं कात्रण सुदैवाने मागेच होतं, म्हणून खूण कुठे होती ते सांगता येतं. पण मी ती पुसलीच.

आता नियम: प्रिंट जशी आहे तशी, पुढून आणि मागून. फक्त रबरी फुंकणीने धूळ उडवायची.

एका प्रिंटमध्ये पुलाच्या कठड्यापाशी बसलेली तीन माणसं पांढऱ्या रंगाने पुसून टाकली आहेत, म्हणजे छापताना पूल उठून दिसावा. त्याची निगेटिव्ह सापडली. माणसं अजून तिथे बसलेली आहेत.

४ मार्च

कात्रणं स्कॅन करताना पट्टे आणि भोवरे उमटले. छापील फोटो ठिपक्यांच्या जाळीचा असतो आणि ती जाळी कॅमेऱ्याच्या पिक्सेलच्या जाळीवर चढली की हे व्हायचंच. उपाय: इंचाला १,२०० वर स्कॅन, मग ठिपके एकमेकांत मिसळतील इतपतच धूसर करणं, मग लहान करणं. ठिपके असलेली मूळ फाइलही ठेवायची.

एक योगायोग. वर्तमानपत्रात अशा जाळीने छापलेला पहिला फोटो म्हणून ज्याचं नाव घेतात तो न्यू यॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’मध्ये ४ मार्च १८८०ला आला होता. त्यात कुणी पाहुणे नव्हते. शहराच्या कडेची झोपड्यांची वस्ती होती.

१३ मार्च

तारखा. पाकिटावरची तारीख म्हणजे फोटो काढल्याची तारीख असं मी धरून चालले होते. मग एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच तारखेची १९ पाकिटं निघाली. एका दिवसात १९ रोल कुणी काढत नाही. काका हसले: “साठायची पाकिटं. मग एखाद्या निवांत दुपारी सगळ्यांवर तारीख टाकून मोकळा व्हायचो.”

आता तीन वेगळे रकाने आहेत: काढल्याची, छापल्याची, पाकिटात घातल्याची तारीख. पहिला रकाना बहुतेक ठिकाणी ‘याच्या आधी’ असा भरला आहे. पूर्वी भरलेल्या सव्वाशे नोंदी दुरुस्त करायला दोन दिवस गेले.

१९ मार्च

देवनागरीत नोंदी करणाऱ्यांसाठी. फोटोच्या फाइलमध्येच माहिती लिहिली आणि दुसऱ्या संगणकावर उघडली, तर एक कीवर्ड, म्हणजे शोधायला दिलेला शब्द, ‘रेल्वे स्थानकासमोरचा च’ इथेच तुटलेला. चौकातला उरलेला भाग गायब.

फोटोच्या फाइलमध्ये माहिती ठेवायच्या जुन्या आयपीटीसी रचनेत प्रत्येक रकान्याला बाइटची मर्यादा आहे: एका कीवर्डला ६४, शहराच्या नावाला ३२. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, पाय मोडायची खूण, सगळ्यांना तीन-तीन. म्हणजे कीवर्डमध्ये जेमतेम २१ चिन्हं आणि शहराच्या नावात १०. ‘रेल्वे स्थानकासमोरचा चौक’ला ६८ बाइट लागतात. सॉफ्टवेअरने इशारा दिला होता, मी वाचला नव्हता. काही प्रोग्रॅममध्ये तर सगळंच प्रश्नचिन्हांत आलं, कारण लिपीचं एन्कोडिंग फाइलमध्ये सांगितलेलं नव्हतं.

उपाय: सगळं एक्सएमपी (त्याच कामासाठीची नवी रचना) रकान्यांत लिहायचं, तिथे ही मर्यादा नाही. आणि एक साधा तक्ता वेगळा, फाइलच्या नावासह.

२ एप्रिल

व्हिनेगरवाली नऊ पाकिटं. फिल्मचा पाया आकसलाय, वरचा थर आकसत नाही, म्हणून तो सुटून नाल्यांसारखा उचलला गेलाय. पुस्तकाखाली ठेवायचा विचारही करू नये, तुटतात. दोन काचांमध्ये हलकेच धरून काढल्या. साध्या काचेने गुळगुळीत बाजूवर इंद्रधनुषी वलयं आणली, तिथे खरखरीत केलेली काच लावली तेव्हा थांबली. ११ पट्ट्या काचेतही धरता आल्या नाहीत. त्या हवाबंद पिशवीत, फ्रीझरमध्ये.

२३ एप्रिल

शेवटचं खोकं. १,८५९ पट्ट्या झाल्या, ११ फ्रीझरमध्ये. पट्टीला चार मिनिटं धरली होती, प्रत्यक्षात नोंदींसकट नऊ पडली. पुन्हा केलेलं काम वेगळं, ते मी मोजणार नाही.

८७ नंबरचं पाकीटही पुन्हा काढलं, कडेसकट. आधीच्या चौकटीत ३६व्या फ्रेमच्या पुढचं झाकलं जात होतं. पुढे अर्धी फ्रेम आहे, ३७वी. शिडीवर पेंटर, पाटीवर चौथं अक्षर सुरू झालेलं, त्याची उभी रेघ तेवढी दिसते. बाकीच्या अर्ध्यात फिल्म वाळत घालायच्या चिमट्याचं भोक. मुलगा भोकाच्या बाजूला होता.

दुकानाचं नाव कळेल म्हणून ८८ उघडलं. पहिल्याच फ्रेममध्ये फीत.